कुणाच्या गोठ्यात

केडगावातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर एक जुनं जेवणाचं टेबल आहे. आईनं ते हौसेनं करून घेतलं होतं. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी उपासना सुटली की आमच्याकडे कुणी ना कुणी जेवायला असायचंच. आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघी बहिणी वरच्या मजल्यावर, ओट्याजवळच ताटं घेऊन बसायला लागलो आणि खाली टेबलावर जुनी वर्तमानपत्रं साचत गेली. माझ्या धाकट्या बहिणीनं पुण्यातली नोकरी सोडून इथे स्वतःची कंपनी काढली, तेव्हा सगळ्यात आधी तिनं ती वर्तमानपत्रं रद्दीत घातली आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. कंपनीचे सगळे निर्णय मग त्याच टेबलावर झाले.

मी नगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर दुपारभर वरच्या खोलीत वाचत बसायची. जिन्याचं दार उघडं असे आणि खालचं बोलणं वर स्वच्छ ऐकू येई. मी ते चोरून ऐकलं असं कुणाला म्हणता येणार नाही, कारण बोलता बोलता धाकटी मध्येच जिन्याशी येऊन विचारायची, "ताई, ऐकतेयस ना? मग तुझं काय म्हणणं?" मी बहुधा काही म्हणत नसे. मला उशिरा सुचतं. आताही हे मी फार हळूहळू लिहिते आहे. ती जाऊन वर्ष होत आलं, आणि एवढ्यात चार पानं झाली आहेत.

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखांच्या मुलाखती वर्तमानपत्रात येतात त्या मी वाचते. लोकांची माहिती कुणी, किती जपायची, लोक नावं ठेवायला लागले तर काय करायचं, असे त्यांच्यापुढचे प्रश्न असतात. ते काचेच्या इमारतींत बसून उत्तरं देतात. आमच्याकडे तेच प्रश्न भेळ खाता खाता चर्चेला यायचे आणि टेबलावर शेव सांडलेली असायची. कंपनी तीन माणसांची होती. धाकटी प्रमुख. तिचा कॉलेजातला मित्र, मूळचा पाथर्डीकडचा, तो संगणकाचं सगळं बघायचा. आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले जनावरांचे एक डॉक्टर, ज्यांना धाकटीनं घरी जाऊन जाऊन पटवलं होतं. डॉक्टर म्हणत, "मी या कंपनीत भागीदार नाही, मी या पोरीच्या तावडीत सापडलेला माणूस आहे."

त्यांचं ॲप सरळ होतं. गाय-म्हैस आजारी वाटली की मालकानं मोबाईलवरून फोटो पाठवायचा, काय दिसतं ते बोलून सांगायचं. लिहायची गरज नाही. डॉक्टर ते ऐकून सल्ला देत आणि गरज वाटली तर जीप काढून जात. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांनी ते आपल्या सभासदांसाठी घेतलं होतं आणि कंपनी त्यावर चालत होती. ॲपमधल्या सूचनांचं मराठी माझं. धाकटी म्हणायची, "असं लिही, की दूध काढता काढता एका हातानं वाचता आलं पाहिजे."

सगळ्यात पहिलं गाव नगरपासून जवळच होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. हिवरे बाजारचं बघून आमच्या भागातल्या काही गावांनी पाण्याचा हिशेब ग्रामसभेत उघड वाचायला सुरुवात केली, त्यांतलं ते एक. कुणाच्या विहिरीला किती पाणी, कुणी काय पेरायचं, सगळं चारचौघांत. धाकटीला याचं फार कौतुक होतं. असं उघड वागणारं गाव आहे, तर आपणही सगळं उघड ठेवू, असं तिघांनी या टेबलावर बसून ठरवलं. दूध संकलन केंद्रात भिंतीवर एक मोठा टीव्ही लावला. त्यावर गावाचा नकाशा. लसीकरण कुठे झालं, कुठे व्हायचंय, आणि ज्या गोठ्यात लम्पी निघाला त्या गोठ्यावर लाल ठिपका. डेअरीच्या चेअरमननी तो टीव्ही पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. "आमचं गाव लाइव्ह आहे," असं ते म्हणत.

पहिला लाल ठिपका एका बाईच्या गोठ्यावर उमटला. नवरा नाही, दोन गाई, एक कालवड, मुलगी बारावीला. गाईला ताप आला, अंगावर गाठी दिसल्या तसा तिनं लगेच फोटो पाठवला. डॉक्टर गेले, उपचार झाले, गाय उठली. कंपनीच्या दृष्टीनं सगळं व्यवस्थित झालं होतं. धाकटीनं त्या दिवशी आम्हाला आइस्क्रीम खाऊ घातलं.

काही दिवसांनी ती त्या गावाहून परतली तेव्हा वर आली नाही. मी खाली गेले तर टेबलाशी चप्पल न काढता बसलेली. मग तिनं सांगितलं. त्या बाईची दुसरी गाय व्याली होती. आमच्याकडे गाय व्याली की पहिला चीक शेजारीपाजारी वाटायचा ही रीत आहे. ज्याच्या घरी चीक येतो तो त्याचा खरवस करतो आणि भांडं परत देताना रिकामं देत नाही, चिमूटभर का होईना साखर घालतो. बाईनं नेहमीप्रमाणे वाटीवाटीनं चीक पाठवला. सगळ्या वाट्या तशाच भरलेल्या परत आल्या. एका घरानं तर दारातूनच सांगितलं की तुमच्या घरावर ठिपका हाय.

"लम्पी माणसाला होत नाही हे डॉक्टरांनी टीव्हीवर पण सांगितलंय," धाकटी म्हणाली. "पण टीव्हीवरचा ठिपका तेवढा बघितला त्यांनी."

"ती बाई काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, म्याडम, ताप गाईला आल्ता, डाग मला दिला तुमी." धाकटीनं आता चप्पल काढली. "आणि म्हणाली, पुन्हा काही झालं तर मी न्हाई बाई फोन करायची."

तिला लागलं होतं ते हे शेवटचं. बाईनं फोन केला नाही, तर पुढची बाईही करणार नाही. आजार गोठ्यात लपून राहील आणि माश्या-गोचिडांबरोबर वस्तीभर फिरेल. ज्या कामासाठी कंपनी काढली, तेच काम त्या ठिपक्यानं बंद पाडलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं टेबलाशी बसले. मी वर पुस्तक उघडून बसले होते, पण पान उलटलं नाही.

"ठिपका काढायचा," धाकटी म्हणाली.

"अगं, रोग लपवला की पसरतो," डॉक्टर म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांना हेच ओरडून सांगितलं. आता तू मलाच लपवायला सांगतेस."

"तुमच्यापासून कुठे लपवतोय, डॉक्टर? तुम्हाला सगळं कळणारच. गावाला नाव कळायची गरज काय?"

मित्र म्हणाला, "चेअरमन काय म्हणतील? त्यांना तो ठिपकाच तर आवडलाय. ठिपका काढला तर टीव्हीवर उरतं काय, हवामान?"

"मग हवामान दाखवू."

"तू हसू नकोस. ते गाव गेलं तर त्यांच्या मागची गावं जातील. त्यांच्याकडे बघून तर बाकीच्यांनी घेतलंय."

डॉक्टर काहीतरी आठवल्यासारखे म्हणाले, "एक मात्र मी बघितलं. त्या बाईच्या गोठ्यावर ठिपका आला, तर फवारणी तिनंच तेवढी केली. बाकीचे निवांत. आजार तिच्याकडे आहे ना, मग आपल्याला काय."

"मग तेच," धाकटी म्हणाली. "कुणाच्या गोठ्यात आहे हे कळलं नाही, तर आपल्याच गोठ्यात असेल असं समजून सगळे फवारतील."

"पण माझी जीप? जीप ज्या दारात थांबेल ते दार सगळ्यांना कळणार. गावात जीप काय लपते?"

"जीप सगळ्याच दारांत थांबेल," ती म्हणाली. "वस्तीत एक जनावर आजारी असलं तरी तुम्ही त्या वस्तीतल्या एकेका गोठ्यात जायचं. सगळी जनावरं बघायची. आजाऱ्याच्या दारापासून सुरुवात करायची नाही आणि शेवटही तिथे करायचा नाही."

"म्हणजे मी दारोदार चहा पिऊ? शुगर आहे मला."

"बिनसाखरेचा म्हणा."

"गावात बिनसाखरेचा चहा मागितला तर बाईमाणसाला राग येतो, पोरी. तू शहरात वाढलीस."

तरी ते तयार झाले. त्यांना ते पटलं होतं हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं. सरकारी नोकरीत असताना त्यांना कधी एवढ्या गोठ्यांत जायला मिळालं नव्हतं, असं ते पुढे माझ्याशी बोलले. ठिपका गेला. त्याच्या जागी वस्तीतल्या सगळ्यांना एकच निरोप जायला लागला. तो मी लिहिला होता: "आपल्या शिवारात लम्पीची लागण आहे. आज गोठ्यात फवारणी करा. जनावरं सामाईक हौदावर नेऊ नका. डॉक्टर सगळ्यांकडे येत आहेत." नाव नाही, गल्ली नाही. त्यानंतर संगणकातही अशी सोय झाली की आजारी गोठ्याचं नाव डॉक्टर सोडून कुणालाच उघडता येऊ नये. मित्रानं विचारलं, "तुलाही नको?" ती म्हणाली, "मला कशाला? मला काय इंजेक्शन देता येतं?"

पुढच्या पावसाळ्यानंतर माश्या वाढल्या आणि आजार परत आला. निरोप गेले, जीप फिरली. आणि त्या गावात लोक कंपनीला नावं ठेवायला लागले.

आधी गावाच्या ग्रुपवर सुरू झालं. कंपनी नाव लपवते. मोठ्या माणसाचा गोठा असेल म्हणून लपवते. कंपनीला काय पडलंय, त्यांचं कुठं जनावर मरतंय. कुणीतरी आमच्या घराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, गुपितांचं दुकान. एका स्थानिक वर्तमानपत्रात चौकट आली की पारदर्शक गावात अपारदर्शक ॲप. मला ते वाचून राग आला. धाकटी म्हणाली, "पारदर्शकला अपारदर्शक, शब्द बरा जुळवलाय." पण तिनं ती चौकट कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि ती बरेच दिवस तिथे होती. आपल्याविषयी वाईट लिहिलेलं डोळ्यांसमोर असावं, असं तिचं म्हणणं. अजूनही ती चौकट तिथेच आहे. मी हलवलेली नाही.

शेवटी ग्रामसभेचं बोलावणं आलं. तिघं गेले आणि मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्याशिवाय मी तिला जाऊ देणार नव्हते. मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात सकाळी सभा भरली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. चिकाच्या वाट्या परत आल्या होत्या ती बाई कुठे बसली आहे हे मी ओळखायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही, कारण मी तिला कधी बघितलंच नव्हतं.

चेअरमन सुरुवातीलाच उठले. पांढरे कपडे, दणदणीत आवाज.

"म्याडम, आमच्या गावात पान्याचा हिशेब बी लपून ऱ्हात न्हाई. कुनाच्या बोरला किती पानी हाय ते पोराटोराला ठावं. मग आजारी गाय कुनाची येवढंच गुपित का?"

"पाणी सगळ्यांचं आहे, अण्णा," धाकटी म्हणाली. "गाय ज्याची त्याची आहे."

"पन आजार सगळ्यांना होतो न्हवं का? आमाला कळाया नको?"

"आजार आहे हे कळवलंच आहे. काय करायचं ते कळवलंय. कुणाकडे आहे एवढंच नाही कळवलं."

"त्येच तर पाहिजे."

मागून बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "कशाला पाहिजे, भेटाया जायचंय का?" थोडं हसू झालं. चेअरमननी तिकडे बघितलं नाही. "हे बघा," ते म्हणाले, "तुमाला गाव नको, तुमाला गुपित पाहिजे. आमची डेअरी गुपितं सांभाळाया न्हाई. सांगायचं नसंल तर टीव्ही काढून न्या."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. हे गाव गेलं, तर पुढे काय होईल हे त्यानं टेबलाशी आधीच सांगितलं होतं. धाकटीची सवय होती, उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं बोलणं पूर्ण संपलंय ना हे बघायची.

"अण्णा," ती म्हणाली, "उद्या पहाटे तुमच्या गाईला ताप आला, तर पहिला फोन कुणाला कराल?"

"डॉक्टरला."

"आणि डॉक्टरांनी ते भोंग्यावरून गावाला सांगितलं, तर त्याच्या पुढच्या वेळी कराल का?"

चेअरमन काही बोलायच्या आत पुरुषांतून आवाज आला, "करतील की. पन गाईला म्हैस सांगून."

सभामंडप हसला. चेअरमनही ओठांच्या कोपऱ्यातून हसले, पण लगेच गंभीर झाले. एक तरुण उठला. "म्हंजी म्याडम, आमी सगळ्यांनी असंच मानायचं का, की आपल्याच गोठ्यात हाय?"

"हो," ती म्हणाली. "तसंच मानायचं. गेल्या साली आम्ही लाल ठिपका दाखवला. तेव्हा त्या एका घरानं फवारलं आणि बाकीची घरं ठिपका बघत बसली. चूक आमची होती. ती पुन्हा करायची नाही. टीव्ही न्यायचा तर आजच नेते, पण नाव सांगणार नाही."

मी तिच्या शेजारी बसले होते. तिचा पदर माझ्या हाताखाली अडकला होता, तो तिनं सोडवून घेतला.

सरपंच बाई होत्या, वयानं मोठ्या. त्या म्हणाल्या, "फुडच्या ग्रामसभेपत्तुर हाय तसं चालू द्या. टीव्ही ऱ्हाऊ द्या. तवर कुनी कुनाच्या गोठ्यात डोकवायचं न्हाई. आपापला गोठा फवारा. कुनाचा ऱ्हायला तर त्ये मात्र मी भोंग्यावर सांगनार." त्यावर सगळ्यात मोठं हसू झालं आणि सभा पुढच्या विषयाला लागली.

परतताना जीप डॉक्टर चालवत होते. मित्र पुढे, आम्ही दोघी मागे. चेअरमनचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता. एवढा जोर माणूस का लावतो, असा विचार करता करता मला एकदम एक शंका आली. मी धाकटीला हळूच विचारलं, "त्यांच्याच गोठ्यात आहे का गं?"

ती काचेतून बाहेर बघत होती. म्हणाली, "ताई, चहा घ्यायचा का? पुढे बरा मिळतो."

डॉक्टरांनी आरशातून आमच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी चहाच्या टपरीशी घेतली. तिला ते ठाऊक होतं की नव्हतं, हेही मला कळलं नाही. तिच्या संगणकाच्या हिशेबानं तिला ठाऊक असायला नको होतं. पण गावात एवढं जाणं-येणं, कुणी बोललंही असेल. आजही मला ते माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनं मला ते कधी सांगितलं नाही याचा तेव्हा मला थोडा राग आला होता. आता ती गोष्ट आठवते तेव्हा मला फार बरं वाटतं.

पुढच्या ग्रामसभेत आमचा विषयच निघाला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका दुसऱ्या गावानं आमचं ॲप सोडलं, ते परत आलं नाही. पण या गावाहून फोन येत राहिले. ज्या बाईनं पुन्हा फोन करायची नाही म्हटलं होतं, तिनं केला की नाही, हे अर्थातच मला कळायचा मार्ग नव्हता.

मग धाकटी आजारी पडली.

तपासण्या झाल्या. घरात मला आणि टेबलाशी त्या दोघांना तिनं सांगितलं, बाकी कुणाला नाही. आमच्या चर्चमध्ये अशी रीत आहे की रविवारी प्रार्थनेच्या आधी मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं वाचतात, कुणाला काय झालंय तेही सांगतात, आणि मग सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मी लहानपणापासून ती नावं ऐकत आले. बाबांचं वाचलं गेलं होतं, आईचंही. तिचं नाव द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. महिला मंडळातल्या बायकांनी तिची उतरलेली तब्येत बघून मला विचारलंही होतं.

मी तिला म्हटलं, "नाव न घेता प्रार्थना कशी पोचेल?"

ती म्हणाली, "देवाकडे पत्ता नाही का आपला?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही गं. नाव वाचलं की दुसऱ्या दिवसापासून जो तो मला आजारीच म्हणून भेटणार. मला काम करायचंय. टेबलाशी बसले की त्या दोघांनी माझ्याशी भांडायला हवं. माझं मी सांगेन, सांगावंसं वाटलं तर."

मी पाळकसाहेबांना एवढंच सांगितलं की आमच्या घरासाठी प्रार्थना करा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि रविवारी केडगावातल्या मंडळीच्या सगळ्या घरांसाठी प्रार्थना केली. ते त्यांनी आपणहून केलं. मी बाकावर बसून ऐकत होते आणि मला डॉक्टरांची दारोदार थांबणारी जीप आठवली.

ती शेवटपर्यंत टेबलाशी बसत होती. जिना चढवेनासा झाला तेव्हा आम्ही तिचा पलंगच खाली, टेबलाशेजारी आणला. त्याच काळात एका मोठ्या औषध कंपनीची माणसं आली होती. त्यांना ॲप विकत घ्यायचं होतं, पण त्यांना आजारी गोठ्यांची नावंही हवी होती, कुणाला काय विकायचं ते ठरवायला. धाकटी उशीला टेकून बसली होती. मित्रच म्हणाला, "साहेब, नावं आमच्या कंपनीत आम्हालाच दिसत नाहीत. तुम्हाला कुठून देऊ?" ती माणसं गेल्यावर तो तिच्याकडे बघून म्हणाला, "बरोबर बोललो ना?" ती म्हणाली, "चहा तरी द्यायचास त्यांना." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

एका सकाळी दारात एक बाई आली. हातात स्टीलचा डबा. मी ओळखलं नाही. तिनं आपल्या गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "गाय व्यालीय. म्याडमला खरवस आणलाय." तेव्हा मला कळलं की ही कोण. ती पलंगाशेजारी बसली. धाकटीकडे बघितल्यावर कुणालाही कळलं असतं. तिलाही कळलं असणार. पण काय झालं, कधीपासून, डॉक्टर काय म्हणतात, यातलं तिनं काही विचारलं नाही. गाईचं सांगितलं. कालवड झाली. मुलगी आता नगरला कॉलेजात आहे, एसटीनं येते-जाते, सकाळी दूध काढूनच निघते. धाकटीनं दोन चमचे खरवस खाल्ला आणि म्हणाली, "जायफळ घातलंय." बाई म्हणाली, "आमच्यात घालत्यात."

निघताना ती दाराशी थांबली आणि आत बघत म्हणाली, "म्याडम, नका सांगू कुनाला काय. पन लागलं-सवरलं तर फोन करा हं." धाकटी मोठ्यानं हसली. किती दिवसांनी ते हसू मी ऐकलं होतं. "करीन," ती म्हणाली.

डबा आमच्याकडे राहिला.

ती गेली तेव्हा त्या गावची माणसं जीप-टेम्पो करून आली होती. चेअरमन आले होते, पांढऱ्याच कपड्यांत, आणि कबरेशी सगळ्यांच्या मागे उभे राहिले. नंतर कितीतरी दिवस लोक भेटायला येत राहिले. नात्यातली, मंडळीतली, माझ्या कॉलेजातली. प्रत्येकानं विचारलं, नक्की काय झालं होतं? मी सगळ्यांना एकच सांगितलं, आजारी होती. काहींना ते आवडलं नाही. एका मावशीनं तर मला विचारलं, अगं, आमच्यापासून काय लपवायचं? त्यांच्यावर माझा राग नाही. पण तिनं सांगितलं नव्हतं, आणि ती नसताना ते सांगायचा हक्क माझ्याकडे आला असं मला वाटत नाही. म्हणून मी ते इथेही लिहिलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी तो डबा परत द्यायला त्या गावी गेले. आत साखर भरली. मुलीला आवडेल म्हणून वर थोडे बेदाणे घातले. बाई गोठ्यात होती. मला बघून तिनं हात धुतले, डबा घेतला, झाकण उघडून बघितलं आणि आत नेऊन ठेवला. मग चहा ठेवला.

मी ओट्यावर बसले होते. वस्तीच्या त्या टोकाला डॉक्टरांची जीप उभी होती. डॉक्टर एका गोठ्यातून निघाले, शेजारच्या गोठ्यात गेले, तिथून पुढच्या दारात. आता ते हळू चालतात. एका घरातून कुणीतरी त्यांच्यासाठी कपबशी घेऊन बाहेर आलं आणि त्यांनी हातानं नको म्हटलं, मग घेतली. मित्र जीपपाशी उभा राहून मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता. वस्तीत कुठेतरी जनावर आजारी होतं. बाईनं मला चहा दिला आणि तिच्या गोठ्याच्या कडेनं फवारलेल्या औषधाचा वास आला. शेजारच्या गोठ्यातूनही तोच वास येत होता आणि त्याच्या पलीकडूनही.

डॉक्टर आमच्या दारात पोचायला अजून वेळ होता. कुणाकडे आहे, असं मी बाईला विचारलं नाही, आणि तिनंही ते सांगितलं नाही. चहा चांगला गोड होता. जीप एक दार पुढे सरकून थांबली.